पायातला आकडा आणि पुढचा आकडा

*नमस्कार बाई,*

*मी नववीत आहे. गणित मला बरं जमतं, जीवशास्त्राच्या आकृत्याही नीट येतात. रसायनशास्त्र आलं की मात्र डोकं चालेनासं होतं. पाठ सगळं करते: पहिली वीस मूलद्रव्यं, संयुजांचा तक्ता, अभिक्रियांचे प्रकार. रात्री घडाघडा म्हणून दाखवते आणि सकाळी पेपर हातात आला की कोरी. समीकरण संतुलित करा म्हटलं की मी दिसेल तिथे २ लावत सुटते. मोल हा प्रकार तर कळलेलाच नाही. दादा म्हणतो, केमिस्ट्रीत विचार करायचा नसतो, घोकायचं असतं. मैत्रीण म्हणते, जमत नसेल तर पुढे विज्ञान घेऊच नकोस. या चाचणीत मला २० पैकी ६ पडले. पेपर सोबत जोडला आहे. वार्षिक परीक्षेला तीन महिने आहेत. माझ्याकडून होईल का, की माझा मेंदूच या विषयाचा नाही?*

*ता. क. वर्गात प्रश्न विचारायची भीती वाटते. 'मला काही कळलं नाही' म्हटलं की सगळे हसतात.*

*– कोरी पाटी*

कोरी पाटी,

तुझं पत्र मी नंतर वाचलं, आधी पेपर वाचला. इतकी वर्षं शिकवून ती खोडच लागली आहे. पत्रात मुलं स्वतःबद्दल काहीबाही लिहितात, पेपरात मात्र खरं सापडतं.

तर तुझा पेपर असा आहे. सहा गुण मिळाले ते सगळे 'व्याख्या लिहा'चे. व्याख्या शब्दन् शब्द बरोबर आहेत, एक वेलांटीही चुकलेली नाही. गेलेले चौदा असे: समीकरणांचे चार, मोलच्या उदाहरणांचे पाच, रेणुसूत्रांचे तीन आणि 'कारण द्या'चे दोन. म्हणजे जिथे पाठ केलेलं जसंच्या तसं ओतायचं होतं तिथे तुला पैकीच्या पैकी, आणि जिथे ते हाताशी धरून एक पाऊल पुढे टाकायचं होतं तिथे शून्य. याला कोरी पाटी म्हणत नाहीत. पाटी गच्च भरलेली आहे, फक्त तिच्यावरच्या ओळींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

'कारण द्या'चं तुझं उत्तर वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. प्रश्न होता, मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला तर द्रावणाचा रंग का बदलतो? तू लिहिलंस, 'कारण तिथे रासायनिक अभिक्रिया होते.' खोटं काहीच नाही त्यात. पण पाऊस का पडतो, तर पाणी खाली येतं म्हणून, तसलं हे उत्तर झालं. खिळ्यातले लोखंडाचे अणू द्रावणात उतरतात आणि द्रावणातलं तांबं त्यांच्या जागी खिळ्यावर येऊन बसतं, हे तुझ्या डोळ्यांसमोर आलंच नाही. आलं असतं तर खिळ्यावरचा तांबूस थर आणि फिकट हिरवट होत जाणारं पाणी या दोन्ही गोष्टी तू आपोआप लिहिल्या असत्यास.

आणि इथेच तुझं दुखणं आहे. ग्लासगोला अ‍ॅलेक्स जॉनस्टन नावाचे प्राध्यापक होते. मुलांना रसायनशास्त्र अवघड का जातं याचाच त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९९१ मध्ये त्यांनी एक साधा त्रिकोण मांडला. एका कोपऱ्यात डोळ्यांना दिसतं ते: रंग, ज्योत, बुडबुडे, तळाशी बसणारा अवक्षेप. दुसऱ्या कोपऱ्यात कधीच न दिसणारं: अणू, रेणू, आयन (म्हणजे विद्युतभार असलेले कण), त्यांची जुळवाजुळव आणि फाटाफूट. तिसऱ्यात कागदावरची चिन्हं: संज्ञा, सूत्रं, बाण, आकडे. रसायनशास्त्र येणारा माणूस बोलता बोलता या तिन्ही कोपऱ्यांत उड्या मारत असतो आणि त्याला स्वतःलाही ते जाणवत नाही. आम्ही शिक्षक एका वाक्यात 'मॅग्नेशिअम जळतं' म्हणतो, दुसऱ्यात 'ते दोन इलेक्ट्रॉन देतं' म्हणतो आणि तिसऱ्या वाक्याला फळ्यावर समीकरण लिहून मोकळे होतो. समोरच्या मुलाच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. मग ते बिचारं सगळ्यात सोपं करतं, फळ्यावरचं उतरवून घेतं. तू तिसऱ्या कोपऱ्यातच राहायला गेली आहेस. बाकीचे दोन कोपरे तुला कुणी दाखवलेच नाहीत, किंवा दाखवले तेव्हा तू उतरवून घेण्यात गुंतली होतीस.

आता पेपरातलं तुझं समीकरण घेऊ. मॅग्नेशिअमची फीत ऑक्सिजनमध्ये जळते. तू लिहिलंस: एमजी अधिक ओ-टू, बाण, एमजी-ओ-टू. डावीकडे एक मॅग्नेशिअम, उजवीकडे एक. डावीकडे दोन ऑक्सिजन, उजवीकडे दोन. हिशेब जुळला, तरी गुण शून्य. तुला वाटलं असेल हा अन्याय आहे.

पेन्सिल घे. पांढरं लख्ख जळणारी फीत तू पाहिली असशील, मागे उरते ती पांढरी भुकटी. आता आत शिरू. मॅग्नेशिअमचे अणू म्हणून काळे ठिपके काढ. ऑक्सिजनसाठी पोकळ गोल काढ, पण ते जोडीजोडीनेच, कारण हवेतला ऑक्सिजन एकटा फिरत नाही. मॅग्नेशिअमचं इलेक्ट्रॉन संरूपण तुला पाठ आहे: २, ८, २. बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकले की त्याचं काम झालं. ऑक्सिजनचं २, ६. त्याला आठ व्हायला दोनच हवेत. म्हणजे एक काळा ठिपका एका पोकळ गोलाची गरज पुरती भागवतो. एकास एक. म्हणून मॅग्नेशिअम ऑक्साइडचं सूत्र एमजी-ओ. ते मी ठरवलेलं नाही, तुझ्या पुस्तकानंही नाही, ते त्या दोन-दोन इलेक्ट्रॉनांनी ठरवलं आहे.

पण ऑक्सिजन आला तो जोडीने. जोडी फुटली की गोल झाले दोन, आणि दोन गोलांना ठिपकेही दोन लागणार. तेव्हा डावीकडे मॅग्नेशिअम दोन, ऑक्सिजनची जोडी एक, उजवीकडे एमजी-ओ दोन. टू एमजी अधिक ओ-टू, बाण, टू एमजी-ओ. हा २ कुठून आला ते आता तुला चित्रातच दिसतंय. तो 'लावलेला' नाही.

सूत्रात दोन जातींचे आकडे असतात. एक पायातला, संज्ञेच्या खाली बारीक लिहिलेला. दुसरा पुढचा, सूत्राच्या आधी ठळक उभा असलेला. पायातला आकडा म्हणजे वस्तूची ओळख. त्याला हात लावलास की वस्तूच बदलते. पाण्यात हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक. त्या ऑक्सिजनच्या पायात तू हिशेबासाठी २ लिहिलास तर पाणी उरत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, रंग उडवणारं आणि जंतू मारणारं. कार्बन डायऑक्साइड आपण प्रत्येक श्वासासोबत बाहेर टाकतो. त्याच्या ऑक्सिजनच्या पायातला २ पुसलास तर उरतो कार्बन मोनॉक्साइड, आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. पुढचा आकडा मात्र फक्त 'किती' एवढंच सांगतो. समीकरण संतुलित करताना पुढचे आकडे हवे तेवढे बदल, पायातल्यांना हात लावायचा नाही. तुझ्या चार गुणांपैकी तीन या एकाच गोष्टीनं खाल्ले आहेत.

गणित जमतं म्हणालीस ना? मग लोखंडाचं ऑक्साइड कर. लोखंडाचे दोन, ऑक्सिजनचे तीन, असं सूत्र. डावीकडे ऑक्सिजन दोनाच्या जोडीनं येतो, उजवीकडे तीनच्या गटानं लागतो. दोन आणि तीन यांचा लसावि सहा. सहा ऑक्सिजन हवेत म्हणजे डावीकडे जोड्या तीन, उजवीकडे ऑक्साइडचे एकक दोन. त्या दोन एककांत लोखंड चार, म्हणून डावीकडे लोखंड चार. चार, तीन, दोन. झालं. पाचवी-सहावीत शिकलेला लसावि इथे कामाला येतो हे मुलांना कुणी सांगतच नाही. विषय बदलला की तीही मागचं दप्तर दाराबाहेर ठेवून आत येतात.

मोठं समीकरण आलं तर घाबरून इकडेतिकडे आकडे पेरू नकोस, क्रम ठरव. समज प्रोपेन वायू जळतो आहे. त्यात कार्बन तीन, हायड्रोजन आठ. जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. आधी कार्बन: तीन आहेत, म्हणून कार्बन डायऑक्साइड तीन. मग हायड्रोजन: आठ आहेत, पाण्याच्या एका रेणूत दोन जातात, म्हणून पाणी चार. ऑक्सिजन शेवटी, कारण डावीकडे तो एकटाच उभा आहे, त्याच्यापुढे आकडा बदलला तरी दुसऱ्या कुणाचं बिघडत नाही. उजवीकडे सहा आणि चार मिळून दहा, म्हणजे जोड्या पाच. जो एकटा त्याचा नंबर शेवटी, एवढं ध्यानात ठेवलंस तर शाळेतली बहुतेक समीकरणं सरळ येतात.

हे सगळं जुळलंच का पाहिजे, असं तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. अठराव्या शतकात लव्हॉइझिए हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बंद भांड्यात पदार्थ तापवून आधी आणि नंतर तराजूवर तोलत असे. वजन तेवढंच भरे. अणू नाहीसे होत नाहीत, नवे येत नाहीत, फक्त जोडीदार बदलतात. समीकरण संतुलित करणं म्हणजे त्या तराजूचा हिशेब कागदावर मांडणं.

सूत्रांचे तीन गुण कसे गेले ते थोडक्यात सांगते. संयुजा, म्हणजे अणू किती इलेक्ट्रॉन देतो-घेतो तो आकडा, तू 'तिरक्या बाणांनी' अदलाबदल करतेस. ती युक्ती चालते, पण आंधळी आहे. तिनं तू मॅग्नेशिअम ऑक्साइडच्या दोन्ही पायांत २ लिहिलेस आणि ते काढायचे राहिले. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडला तू कंस घातला नाहीस, त्यामुळे तुझ्या सूत्रात ऑक्सिजन एक आणि हायड्रोजन दोन झाले, खरे दोन्ही दोन-दोन हवेत. मूलक म्हणजे एकत्र बांधलेलं गाठोडं, गाठोडी दोन झाली तर कंस घालायचा. पुन्हा पेन्सिलच उपयोगी: धन आयनांचा एकूण भार आणि ऋण आयनांचा एकूण भार सारखा होईपर्यंत गोल काढत जा. अ‍ॅल्युमिनिअमचा भार तीन, सल्फेटचा दोन, पुन्हा लसावि सहा. अ‍ॅल्युमिनिअम दोन, सल्फेटची गाठोडी तीन.

आता मोल. याच्यावर जरा वेळ घालवते, कारण पाच गुण एकट्या त्याने नेलेत.

खिळे कुणी मोजून देत नाही, तोलून देतात. एका खिळ्याचं वजन माहीत असेल तर किलोभर खिळे किती असतील ते न मोजता सांगता येतं. अणूंचं तसंच आहे, फक्त एक अणू तराजूवर ठेवता येत नाही इतका हलका. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी एक मोठं गाठोडं ठरवलं. बारा म्हणजे डझन, वीस म्हणजे कोडी, पाचशे कागद म्हणजे रीम, तसा ६.०२२ × १०²³ कणांचा एक मोल. इतकंच. त्याच्यात याहून खोल काहीही दडलेलं नाही. तू 'मोल म्हणजे काय' याचं गूढ उत्तर शोधत बसली होतीस म्हणून ते सापडलं नाही.

मग बाराऐवजी हा विचित्र आकडा का? कारण तो घेतला की हिशेब सोपा होतो. पुस्तकात कार्बनचं अणुवस्तुमान १२ लिहिलं आहे, मॅग्नेशिअमचं २४. मॅग्नेशिअमचा एक अणू कार्बनच्या दुप्पट जड, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून १२ ग्रॅम कार्बन आणि २४ ग्रॅम मॅग्नेशिअम यांत अणू सारखेच भरणार, आणि तो सारखा आकडा म्हणजेच हा मोल. तक्त्यातल्या आकड्याला 'ग्रॅम' जोडलं की एक मोल तयार. पाण्याचं रेणुवस्तुमान १८, म्हणजे १८ ग्रॅम पाणी, साडेतीन लहान चमचे. तेवढ्या पाण्यातले रेणू सेकंदाला एक या वेगानं मोजायला बसलीस तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या जवळजवळ चौदा लाख पट काळ लागेल. म्हणून तोलायचं, मोजायचं नाही.

गंमत अशी की ज्या अ‍ॅव्होगॅड्रोचं नाव या आकड्याला आहे, त्याला तो आकडा कधी कळलाच नाही. तो १८५६ मध्ये वारला. हवेतल्या रेणूंचा पहिला बरा अंदाज लोश्मिट यांनी १८६५ मध्ये केला, आणि अ‍ॅव्होगॅड्रोचं नाव पेरँ यांनी १९०९ मध्ये दिलं. २० मे २०१९ पासून तर हा आकडा मोजायचाही राहिला नाही, ६.०२२१४०७६ × १०²³ असा ठरवूनच टाकला आहे.

उदाहरण तुझ्याच पेपरातलं. ६ ग्रॅम मॅग्नेशिअम पूर्ण जाळलं तर ऑक्साइड किती मिळेल? तू लिहिलंस ६ ग्रॅम, कारण समीकरणात दोन्हीकडे २ आहे. ही चूक फार मुलं करतात आणि ती मूर्खपणाची नाही. दोन्हीकडे २ आहे हे खरंच आहे. पण समीकरणातले पुढचे आकडे नग सांगतात, ग्रॅम सांगत नाहीत. आधी ग्रॅमचे नग कर: ६ भागिले २४, पाव मोल. मग समीकरणाला विचार: दोन मॅग्नेशिअमला दोन ऑक्साइड, म्हणजे पाव मोलला पाव मोल. मग नगांचे परत ग्रॅम कर: ऑक्साइडचं २४ अधिक १६ म्हणजे ४०, त्याचा पाव १०. उत्तर १० ग्रॅम. वरचे ४ ग्रॅम कुठून आले? हवेतून. फीत जळून नाहीशी होते असं वाटतं, प्रत्यक्षात राख जास्त भरते.

प्रत्येक उदाहरणात हाच रस्ता: ग्रॅमवरून मोलला, समीकरणाच्या पुलावरून दुसऱ्या मोलला, तिथून परत ग्रॅमला. हा रस्ता वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेव. पंधरा-वीस उदाहरणं त्याच रस्त्यानं सोडव, मग तो पुसून टाकलास तरी चालेल.

आता दादाबद्दल. तो सगळा चुकीचा नाही. पाठ करावंच लागतं, पण तो सांगतो त्याचा दहावा हिस्सा. तीसेक मूलद्रव्यांच्या संज्ञा, नेहमीच्या संयुजा, सात-आठ मूलकं आणि धातूंची क्रियाशीलता श्रेणी. ही मुळाक्षरं आहेत, ती यायलाच हवीत. संज्ञा लक्षात राहत नसतील तर त्यांची जुनी लॅटिन नावं पाहा. सोडिअमचं नेट्रिअम, पोटॅशिअमचं कॅलिअम, लोखंडाचं फेरम, शिशाचं प्लंबम. मग सोडिअमला एनए का, हे कोडं राहत नाही. याउलट 'विस्थापन अभिक्रियेची दहा उदाहरणं' पाठ करणं म्हणजे वेळेची नासाडी. श्रेणी माहीत असेल तर वरच्यानं खालच्याला हाकललं, एवढ्यावर शंभर उदाहरणं स्वतः लिहिता येतात. (हे दादाला वाचून दाखव. भांडू नका.)

आणि पाठ करायची तुझी पद्धत. रात्री म्हणून दाखवतेस, पण ओळीनं, सुरुवातीपासून. हायड्रोजन, हेलिअम, लिथिअम, बेरिलिअम... पेपरात कुणी ओळीनं विचारत नाही. 'अणुअंक १७ कोणाचा' विचारलं की तू मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत येतेस आणि मध्येच अडखळलीस की गेलं. त्याऐवजी ते २, ८, ८ नं रचायला शिक. सतरा म्हणजे २, ८, ७. तिसरं आवर्त, शेवटच्या कक्षेत सात, म्हणजे एक इलेक्ट्रॉन हवा असलेला. फ्लोरीनच्या खालचा. क्लोरीन. नाव शेवटी येतं, त्याचा स्वभाव आधी कळतो.

आवर्तसारणीत खरी मजा तिथेच आहे. मेंडेलीव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञानं १८६९ मध्ये ती मांडली तेव्हा जेमतेम त्रेसष्ट मूलद्रव्यं ठाऊक होती. त्यानं अ‍ॅल्युमिनिअमखाली जागा रिकामी सोडली आणि तिथं येणारं मूलद्रव्य कसं असेल ते लिहून ठेवलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ याला गॅलिअम सापडलं. त्यानं घनता मोजली, ४.७ आली. मेंडेलीव्हनं ते मूलद्रव्य डोळ्यांनीही न बघता कळवलं की ती ५.९ च्या आसपास हवी, नमुना नीट शुद्ध करून बघा. शुद्ध करून मोजली तर ५.९. जो तक्ता तू घोकतेस, त्याच्या जोरावर एका माणसानं दुसऱ्याच्या हातातल्या धातूची चूक काढली होती.

आता अभ्यासाची रोजची घडी. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचू नकोस. मीही शाळेत हेच करायचे, आवडत्या ओळी अधोरेखित करत करत पुस्तकाचं पान न् पान रंगवलं होतं आणि 'किती अभ्यास झाला' म्हणून खूश व्हायचे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले होते. रात्री घडाघडा आणि सकाळी कोरी, या तुझ्या तक्रारीचं बरंचसं उत्तर त्यात आहे. रात्रीचा तो घडाघडा म्हणजे त्या पाच मिनिटांतलंच यश.

तेव्हा रोज पंचवीस मिनिटं. पहिली दहा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर: काल काय केलं ते आठवून लिहायचं, चुकलं तर चुकलं. मग दोन समीकरणं आणि एक मोलचं उदाहरण, तिन्ही वेगवेगळ्या धड्यांतली. पहिले दोन आठवडे प्रत्येक समीकरणाखाली ठिपके आणि गोल काढायचेच, कंटाळा आला तरी. नंतर ते आपोआप सुटतात. रविवारी नवीन काही नाही, फक्त आठवड्यातल्या चुका पुन्हा करायच्या. चुकांसाठी वेगळी वही ठेव. पहिलं पान तुझ्या एमजी-ओ-टूचं असू दे.

शाळेच्या प्रयोगशाळेत जायला मिळतं तेव्हा पुढच्या रांगेत उभी राहा. खिळ्याचा प्रयोग दाखवायची विनंती कर, त्याला चंचुपात्र, मोरचूद आणि अर्धा तास पुरतो. आधी दिसलं ते लिही, कारण नंतर. घरी मात्र प्रयोगाच्या नादात सफाईची रसायनं एकमेकांत मिसळू नकोस. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि तो थेट फुप्फुसाला लागतो. आणि आम्ल पातळ करायची वेळ आलीच, तर शिक्षकांसमोर, पाण्यात आम्ल थोडं थोडं ओतायचं. आम्लात पाणी कधीच नाही.

मेंदू या विषयाचा आहे की नाही, असं विचारलंस. तुझ्या पेपरात मला न जमणारा मेंदू दिसला नाही, एकच चूक पाच ठिकाणी केलेली दिसली. पुढे विज्ञान घ्यायचं की नाही ते तीन महिन्यांनी ठरव. नाही आवडलं तर खुशाल दुसरं काही घे, न आवडणं हे पुरेसं कारण आहे. पण पायातल्या आकड्याला हात लावला म्हणून शाखा बदलू नकोस. वार्षिकला किती पडतील ते मी सांगत नाही. समीकरणांचे आणि सूत्रांचे गुण महिन्याभरात परत येतील, मोलला जरा जास्त वेळ लागेल.

राहिला ताजा कलम. 'मला काही कळलं नाही' म्हटलं की वर्ग हसतो, आणि शिक्षकांनाही त्याचं उत्तर देता येत नाही, कारण कुठून सुरू करायचं ते त्यांनाही कळत नाही. नेमक्या जागेवर बोट ठेवून विचार. सुरुवातीला एक प्रश्न मीच देते. वर मी म्हटलं की ऑक्सिजनला दोनच इलेक्ट्रॉन हवे असतात. हायड्रोजनकडे भागीदारीत घालायला एकच असतो, म्हणून पाण्यात दोन हायड्रोजनना एक ऑक्सिजन. मग हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दोन हायड्रोजनवर दोन ऑक्सिजनांचं कसं भागतं? ठिपके आणि गोल काढून बघ, अडकशील. ते अडकलेलं चित्र घेऊन उद्या वर्गात हात वर कर.

– बाई